निवेदनसंहिता
माहितीपट, जाहिरात वा रेडिओ कार्यक्रमातील निवेदनासाठी लिहिलेला मजकूर. तो डोळ्यांसाठी नसून कानासाठी असतो. हुकलेले वाक्य श्रोत्याला सहसा पुन्हा ऐकता येत नाही. म्हणून एका वाक्यात एकच मुद्दा, लहान वाक्यरचना आणि बोलण्यातले शब्द हे संहितेचे मुख्य विशेष होत.

बारामतीत विद्या प्रतिष्ठानचे ‘वसुंधरा वाहिनी’ हे सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. अशा केंद्राच्या श्रोत्यासाठी ‘ठिबक सिंचनाद्वारे उसास पाणी देण्यात यावे’ हे वाक्य ‘उसाला ठिबकनं पाणी द्या’ असे होते. इंदापूर तालुक्यावरील माहितीपटात ‘भिगवण परिसरात रोहित पक्ष्यांचे आगमन होते’ याऐवजी ‘हिवाळ्यात भिगवणला, उजनीच्या पाण्यावर, रोहित पक्षी उतरतात’ हे कानाला सहज वाटते.

आकडे उच्चाराप्रमाणे लिहितात : ‘२.५ एकर’ऐवजी ‘अडीच एकर’, ‘१.२५’ऐवजी ‘सव्वा’. च, ज, झ यांचे दुहेरी उच्चार निवेदकाला अडवतात. ‘जरा’ म्हणजे थोडे की म्हातारपण, हे उच्चारावरून ठरते. अशा शब्दांवर खूण करतात आणि विरामाच्या जागी तिरकी रेघ देतात. मोठ्याने वाचताना जिथे दम लागतो, तिथे वाक्य तोडावे, ही अखेरची कसोटी होय.