अंगणातली शाळा आणि कुरणातली शाळा

मंडळाच्या बालवाडीसाठी यंदा फळाभाज्यांचे व प्राण्यांचे रंगीत तक्ते घ्यावयाचे, की अंगणाच्या कडेला चार वाफे करावयाचे, हा विषय गेल्या बैठकीत निघाला आणि वेळेअभावी तसाच राहिला. स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला गेला तेव्हा हाच विषय मनात घोळत होता. पण त्यावर मत देण्यापूर्वी आपल्याच डहाणू तालुक्यात हा प्रश्न पूर्वी कसा हाताळला गेला, ती हकीकत भगिनींपुढे ठेवावी असे वाटले. कोसबाडची टेकडी आपल्यापैकी पुष्कळजणींनी येताजाता पाहिली आहे. तिच्यावर काय घडले, हे नव्याने इकडे आलेल्या सुनांना ठाऊक असेलच असे नाही.

ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांचे नाव बालशिक्षणाशी जोडले गेले ते भावनगरला, गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि १९३६ साली त्यांनी मुंबईत दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे माँटेसरीबाईंच्या पद्धतीचे शिक्षण होते. दट्ट्यांच्या पेट्या, मनोरे, रंगांच्या पट्ट्या, सारे कसे रेखीव आणि अर्थातच महाग. ही शाळा सुखवस्तू घरांच्या मुलांसाठीच का, हा प्रश्न तेव्हाही विचारला जात होता. १९३१ साली लंडनमध्ये माँटेसरीबाईंच्या संस्थेत बोलताना गांधीजींनी गरिबांच्या मुलांनाही याचा लाभ मिळावा अशी इच्छा बोलून दाखविली होती. शहरात चांगले चाललेले काम असताना ताराबाई १९४५ साली बोर्डीस येऊन राहिल्या, त्यांच्याबरोबर पुण्याहून अनुताई वाघ आल्या. अनुताई (१९१०–१९९२) बालवयातच विधवा झालेल्या, स्वतःच्या हिमतीवर शिकलेल्या. दोघींच्या वयात अठरा वर्षांचे अंतर, पण जोडी जमली ती शेवटपर्यंत.

बोर्डीला बालवाडी निघाली खरी, पण हरिजनवाड्यातली मुले तिकडे फिरकेनात. मोठ्यांना मजुरीवर जावे लागे आणि धाकटी भावंडे सांभाळणे मोठ्या मुलीच्या गळ्यात. तेव्हा ताराबाईंनी शाळाच उचलून त्यांच्या दारात नेली. एखाद्या घरासमोरचे सारवलेले अंगण हाच वर्ग. आधी मुलांना न्हाऊमाखू घालणे, केस विंचरणे, मग गाणी आणि खेळ. दट्ट्यांच्या पेट्यांच्या जागी शंखशिंपले, बिया, पाने, खडे आणि माती आली. ‘अंगणवाडी’ हा शब्द येथला. १९७५ सालच्या २ ऑक्टोबरला केंद्र सरकारची बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली तेव्हा तोच शब्द सरकारने उचलला. आज तो देशभर तोंडी आहे, पण तो आपल्या बोर्डीच्या अंगणातून निघाला हे किती जणींस माहीत असेल?

१९४५ हे साल आणखी एका कारणाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्याच वर्षी मे महिन्यात उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारली शेतकऱ्यांची मोठी परिषद भरली आणि गोदावरी परुळेकरांच्या पुढारीपणाखाली वेठबिगारीविरुद्धचा लढा पेटला. ज्या मुलांसाठी बालवाड्या निघत होत्या त्यांच्या आईबापांची स्थिती ही होती, म्हणून सांगितले.

१९५६–५७ च्या सुमारास केंद्र कोसबाडच्या टेकडीवर हलले आणि येथे निराळीच अडचण उभी राहिली. वारली मुले सकाळी गुरे घेऊन जी निघत ती दिवस कलताच परतत. शाळेच्या वेळी पाड्यावर मूल सापडेना! तेव्हा शिक्षिकाच गुरांमागे कुरणात गेल्या. झाडाखाली बसावे, गुरे चरत असावीत, आणि तेथेच शिकणे. हिचे नाव कुरणशाळा.

मला या हकीकतीतले सर्वांत मोलाचे वाटते ते असे. आपण म्हणतो की मुलांना प्राण्यांची, पिकांची ‘ओळख करून द्यावी’. कोसबाडला ओळख मुलांना आधीच होती. गुराख्याच्या पोराला आपल्या कळपातली गाय पाठमोरी दिसली तरी कळते, गाभण कोण, मारकी कोण, हे सांगावे लागत नाही. शहरातून आलेल्या बाईंनाच ते शिकून घेणे भाग होते. ज्याला आजवर अडाणीपणा म्हटले गेले, त्याला या दोघींनी विद्या मानले आणि अक्षरे तिच्यावर चढविली. मुलाच्या हाताला जे ठाऊक आहे त्याचे आधी नाव, मग चित्र, मग अक्षर. तक्त्यात हा क्रम उलटा होतो.

आणि इकडच्या मुलाच्या हाताला काय काय ठाऊक असते! पहिल्या पावसाबरोबर शेवळे उगवतात. ती काकडांच्या फळांबरोबरच शिजवावी लागतात, नाहीतर घसा खाजतो, हे पाड्यावरची पोरही सांगेल. मागोमाग टाकळा, कुरडू, करटुली. श्रावण-भाद्रपदात काकड्या, अश्विनात नवे भात आणि नाचणी. वाघबारशीला गुराख्यांचा सण. थंडीत वालाच्या शेंगा, कोनफळ आणि ती सारी एकत्र शिजणारी उकडहंडी. उन्हाळ्यात मोहाची फुले, करवंदे, ताडगोळे. चिकू तर घरचाच, घोलवडच्या चिकूला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. आता आपल्या बालवाडीकडे पाहा. निम्मी मुले फ्लॅटमधली आणि निम्मी चिकूच्या वाड्यांत राबणाऱ्यांची. तक्त्यावर मात्र ‘स’ सफरचंदाचा आणि प्राण्यांत पहिला जिराफ. ज्या मुलीचे आईबाप चिकू वेचतात तिला तेथे बोलण्यासारखे काहीच उरत नाही, आणि फ्लॅटमधल्या मुलाला तिच्याकडून काही शिकता येईल हे कोणाला सुचत नाही.

करून पाहण्याजोगे म्हणून एकच पदार्थ सुचविते, काकडीची पानगी. जून काकडी मोठ्या बाईने किसून द्यावी. पुढचे सारे मुलांचे. किसात गूळ व चवीपुरते मीठ घालून ठेवले की पाणी आपोआप सुटते. त्यात मावेल तेवढेच तांदळाचे पीठ घालावयाचे, वरून पाणी नको. केळीची पाने मुलांनी धुवावीत, पुसावीत. एका तुकड्यावर गोळा थापून दुसरा तुकडा वर झाकावा. तवा अर्थातच आपल्या हाती. पान दोन्हीकडून करपले की पानगी झाली. पान सोलताना तिच्यावर शिरांची नक्षी उमटलेली दिसते आणि मुले खाण्याआधी ती बोटाने चाचपून पाहतात. माझ्या घरी तरी असेच होते.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली, हे सर्वांना सांगता येते. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे पुस्तक मात्र आपल्या वाचनालयात असावे, अशी माझी सूचना आहे.

वाफ्यांबद्दल माझे मत वेगळे सांगावयास नकोच. काकडीचे वेल पावसाच्या तोंडाशी लावावेत, वाल भातकापणीनंतर. बियाणे पाड्यावरच्या आयांकडे मागावे. ते त्यांच्या घरी राखेत घोळून ठेवलेले असते आणि मागितले तर आनंदाने देतात. शेळी आणणेही कठीण नाही, बालवाडीतल्याच दोघा मुलांच्या घरी आहे. फक्त आवारातल्या नळाचे पाणी उन्हाळ्यात वाफ्यांना पुरेल का, हे कार्यकारिणीने आधी विचारून घ्यावे.