स्कन्थॉर्पची अडचण

इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यात स्कन्थॉर्प हे पोलादासाठी ओळखले जाणारे गाव आहे. १९९६ साली तेथील रहिवाशांना अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे खाते उघडता येईना. कारण? गावाच्या इंग्रजी नावातील दुसऱ्या ते पाचव्या अक्षरांचा मिळून एक अर्वाच्य शब्द होतो! कंपनीची चाळणी निषिद्ध शब्दांच्या यादीशी अक्षरे जुळवून पाही. अर्थाशी तिला कर्तव्य नव्हते.

मुलांसाठी घरच्या संगणकांवर बसवलेल्या चाळण्यांचे तंत्रही त्या काळी बहुतांशी हेच होते : शब्दांची एक यादी, पत्त्यांची दुसरी. अख्खा शब्द तपासला की स्कन्थॉर्पची सुटका होते. पण ‘स्तन’ हा शब्द अश्लील पानावर असतो, तसा कर्करोगाची माहिती देणाऱ्या पानावरही असतो. पाळीविषयी घरी विचारायला संकोचणाऱ्या मुलीला नेमके तेच पान बंद मिळावे, ही आम्हांला नुसती गंमत वाटत नाही.

अमेरिकेने २००० साली कायदा करून इंटरनेटसाठी केंद्रीय मदत घेणाऱ्या शाळांना व ग्रंथालयांना चाळणी सक्तीची केली. आता बहुतेक पाने कूटबद्ध होऊन येतात. शाळेच्या जोडणीवरील चाळणीला सहसा संकेतस्थळाचे नाव तेवढे कळते, मजकूर नाही. मग अख्खे संकेतस्थळ अडवायचे की सोडायचे, एवढेच तिच्या हाती राहते. आणि मुलाने मोबाइलवरची स्वतःची जोडणी वापरली, तर तेही नाही.