कुंडलिकेचं पाणी

परवा सुट्टीत आलेल्या नातवाने नदीकडे बघत विचारलं, "आजोबा, ऐन मे महिन्यात हिला एवढं पाणी कसं?"

मी इतकी वर्षं वर्गात सांगत आलो की कुंडलिका सह्याद्रीत भिऱ्याजवळ उगम पावते, कोलाड, धाटाव, रोह्यावरून जाते आणि रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. परीक्षेपुरतं ते ठीक. पण नातवाच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नव्हतं. कोकणातल्या बहुतेक नद्या होळीनंतर आटत जातात, मग हीच का वाहते?

उत्तर घाटावर आहे. मुळशीला टाटांनी मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधलं. ते पाणी बोगद्यातून आणि नळांतून खाली भिऱ्याला सोडून १९२७ साली वीज तयार होऊ लागली. एरवी हे पाणी भीमा, कृष्णा करत पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. ते आपल्या दारात आलं.

पण त्यासाठी मुळशी खोऱ्यातल्या मावळ्यांच्या जमिनी आणि घरं पाण्याखाली गेली. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी त्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. कामगारांना नेणारी गाडी अडवली म्हणून १९२४ मध्ये त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. लढा हरला, धरण झालं.

पुढे १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि धाटावला रासायनिक कारखान्यांची वसाहत आली. अशा कारखान्यांना बारमाही पाणी लागतं, ते इथे आयतं होतं. भाताची खाचरं गेली, तरुणांना नोकऱ्या मिळाल्या, घरं स्लॅबची झाली. शाळेच्या फीसुद्धा त्यातूनच भरल्या गेल्या, हे मी कसं नाकारू? पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नद्यांच्या यादीत आपल्या कुंडलिकेचंही नाव आहे.

मला टोचतं ते इथेच. कुणाच्या तरी बुडालेल्या शेतावरून आलेलं पाणी आपण आयुष्यभर वापरलं, आणि खाली जाणाऱ्यांना ते आलं तसं पुढे दिलं नाही. आमच्या पाठ्यपुस्तकात मुळशीचा सत्याग्रह स्वातंत्र्यलढ्याच्या धड्यात होता आणि कुंडलिका भूगोलात. दोन्ही एकच गोष्ट आहे, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही. मलाच ते उशिरा उमगलं.

असो. दिवाळीत नातू आला की त्याला कोलाडवरून ताम्हिणीच्या घाटाने मुळशीला नेणार आहे. धरणाच्या काठावर उभं राहून सांगीन, "बाळा, आपली नदी इथून सुरू होते." भाचेमंडळींपैकी कुणाला यायचं असेल तर कळवा, गाडीत दोन जागा आहेत.