एक वार, सात वर्षे

भारतीय दंड संहिता 1 जानेवारी 1862 रोजी अमलात आली. त्याच वर्षी नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा जिल्हा झाला. म्हणजे जिल्हा आणि कायदा बरोबरीचे. सोयरिकीतल्या भांडणात कुणाचा जीव गेला की वर्ध्याच्या सत्र न्यायालयात 2024 पर्यंत प्रश्न एकच पडत आला : खुनाचे कलम तीनशे दोन की सदोष मनुष्यवधाचे तीनशे चार पार्ट टू? पहिल्याला फाशी किंवा जन्मठेप, तिसरी वाट नाही. दुसऱ्याला जास्तीत जास्त दहा वर्षे, आणि जुन्या कायद्याच्या अक्षरावर बोट ठेवले तर नुसता दंडही चालून जाई. मेलेला माणूस तोच, मारणारा तोच. पण शिक्षेत एवढे अंतर.

हे अंतर कसे मोजतात ते पाहायला एक छापील निकाल फार उपयोगी आहे. ऑल इंडिया रिपोर्टर (ए.आय.आर.) 1968, सर्वोच्च न्यायालय, पान 1390. खटला महाराष्ट्रातला, वर्ध्याचा नव्हे. आरोपीचे नाव निकालपत्राच्या मथळ्यावर आहे, पण घरच्या भांडणात ते इथे पुन्हा घेण्याचे कारण दिसत नाही. जावई आणि मेहुणा एवढे पुरे.

घटना थोडक्यात अशी. बायकोला घेऊन यायला जावई सासुरवाडीला गेला. तिथे बोलाचाली झाली. जावयाचा तोल सुटला, त्याने चाकू काढला आणि मेहुण्यावर एक वार केला. एकच. वार छातीच्या वरच्या भागात, हासळीच्या हाडाच्या बाहेरच्या टोकाकडे, खांद्याजवळ लागला. काखेकडे जाणारी मोठी धमनी आणि शिरा तुटल्या. मेहुणा गेला. नांदायला पाठवा, नाही पाठवत, एवढ्यावरून पेटलेली भांडणे आपल्याकडे गावोगाव झाली आहेत. त्यातली बहुतेक शेजाऱ्यापाजाऱ्यांनी मिटवली आणि कागदावर आलीच नाहीत. हे आले, कारण धमनी तुटली.

जावई खुनाबद्दल दोषी ठरला आणि प्रकरण दिल्लीला गेले. निकाल लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांनी. हे गृहस्थ आपल्या भागाला परके नाहीत. नागपूरच्या मॉरिस कॉलेजचे विद्यार्थी, 1930 मध्ये नागपुरात वकिलीला उभे राहिलेले, पुढे तिथल्याच उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि 1954 मध्ये मुख्य न्यायाधीश. वर्ध्याची फौजदारी अपिले तेव्हा त्याच न्यायालयात जात.

निकालपत्र रागाबद्दल, घराण्याच्या अब्रूबद्दल चर्चा करीत बसत नाही. ते खुनाची व्याख्या करणाऱ्या कलम 300 चा तिसरा खंड उघडते आणि त्याचे दोन तुकडे करते. पहिला : ही इजा करण्याचाच हेतू होता का, की ती चुकून झाली? दुसरा : जी इजा करायची होती ती निसर्गक्रमाने मृत्यू आणायला पुरेशी होती का? पहिल्याचे उत्तर न्यायालय ‘होय’ देते. वार चुकून लागलेला नव्हता. दुसऱ्याचे उत्तर मात्र ‘नाही’. धमनी तुटली नसती तर कदाचित मृत्यू ओढवलाही नसता. आणि जावयाला हासळीच्या आसपास जखम करायची होती, नेमकी धमनी तोडायची नव्हती. म्हणून खून नाही.

मग उरले काय? सदोष मनुष्यवधाची व्याख्या करणाऱ्या कलम 299 चे तीन भाग ओळीने तपासले आहेत. ठार मारण्याचा हेतू : नाही. मृत्यू येण्याजोगी नेमकी इजा करण्याचा हेतू : तोही नाही. आपल्या कृत्याने माणूस मरू शकतो याची जाणीव : ती होतीच, चाकू हातात घेणाऱ्याला ती असतेच. तेव्हा सदोष मनुष्यवध, कलम 304 चा दुसरा भाग, सात वर्षे सक्तमजुरी.

इथे मला थांबावेसे वाटते, कारण दहा वर्षे आधी, मार्च 1958 मध्ये, याच तिसऱ्या खंडावर याच न्यायालयाने जे लिहिले ते याच्याशी सहज जुळत नाही. तो खटला पंजाबातला. भाल्याचा एकच वार ओटीपोटात, आतडी बाहेर आलेली, जखमी दुसऱ्या दिवशी गेला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस, तेही नागपूरचेच : 1936 साली उच्च न्यायालय स्थापन झाले तेव्हापासूनचे न्यायाधीश, 1949 पासून मुख्य न्यायाधीश. निवृत्तीनंतर सर्वोच्च न्यायालयात पुन्हा बोलावले गेले असताना त्यांनी हा निकाल दिला. त्यांचे म्हणणे असे : अंगावर जी जखम सापडली तीच करायची होती का, एवढे पाहा. यकृत फाडायचे होते की मूत्रपिंड, आतडी बाहेर काढायची होती की नाही, असल्या तपशिलात शिरू नका. जखम मारक होती का हे डॉक्टरच्या साक्षीवरून ठरेल, त्यात आरोपीच्या मनाचा संबंध नाही. तिथे खून कायम राहिला.

बोस यांच्या पट्टीने मोजले तर जावयाच्या खटल्यात धमनीचा विचार आरोपीच्या बाजूने करता येतो का? मला शंका आहे. धमनी तोडायची होती की नाही हा प्रश्न बोस यांनी विचारू नका म्हणून सांगितलेल्या प्रश्नांच्याच जातीचा आहे. हिदायतुल्ला यांनी तो विचारला आणि त्याच्या उत्तरावर जन्मठेप सात वर्षांवर आली. ओटीपोटातल्या भाल्यापेक्षा खांद्याजवळचा चाकू त्यांना वेगळा दिसला असावा, आणि माणूस म्हणून तो वेगळा दिसणे समजण्यासारखे आहे. पण दोन्ही निकाल शेजारी ठेवल्यावर सांधा दिसतोच. 1968 च्याच ए.आय.आर.च्या पान 867 वर दिल्लीचा एक खटला आहे. तिथे चाकू मांडीत गेला, मांडीतली मोठी धमनी तुटली, आणि खुनाचा ठपका तिथेही टिकला नाही. तेव्हा हा एकट्या निकालाचा लहरीपणा म्हणता येणार नाही.

खालच्या कोर्टांत मात्र यातून भलताच समज पसरला की वार एकच असला म्हणजे तीनशे दोन बसत नाही. 1981 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट करावे लागले की असा सरसकट नियम नाही. जागा, हत्यार, जोर, प्रसंग, सगळे पाहावे लागते.

जावयाला सात वर्षे का, पाच किंवा दहा का नाहीत? त्या काळच्या 1898 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत शिक्षेवर वेगळी सुनावणी घेण्याची सोयच नव्हती. आरोपीचे वय, घरची परिस्थिती, मागे कोण आहे हे दोषसिद्धीनंतर स्वतंत्रपणे ऐकून घेण्याचे बंधन 1 एप्रिल 1974 पासून लागू झालेल्या नव्या संहितेने घातले, कलम 235(2). कच्च्या कैदेतले दिवस शिक्षेतून वजा करणारे कलम 428 ही तेव्हाचेच. जावयाच्या वाट्याला यातले काही आले नाही.

1 जुलै 2024 पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आहे. सदोष मनुष्यवधाची शिक्षा आता कलम 105 मध्ये. हेतू सिद्ध झाला आणि जन्मठेप दिली नाही, तर किमान पाच वर्षे. नुसती जाणीव असेल तर पूर्वीसारखीच कमाल दहा, मात्र केवळ दंडावर सुटायची जुनी फट बुजवली आहे : कैद आणि दंड दोन्ही. तळाची मर्यादा इथे नाही. तेव्हा सासुरवाडीच्या दारात असा वार उद्या वर्ध्यात झाला आणि तो जाणिवेच्या भागात बसला, तर किती वर्षे हे ठरवणे पूर्वीप्रमाणेच सत्र न्यायाधीशाच्या हाती राहील, आणि बोस की हिदायतुल्ला हा वाद अपिलात नागपूरला जाईल.