१२० पाने, तीन खेळाडू, एक गठ्ठा : गंजिफाच्या डावपेचांचा इतिहास

१/९ आजच्या कल्पनारम्य पत्त्यांच्या खेळांत निम्मी लढाई डावाआधीच लढली जाते. कोणती पाने जमवायची, कोणती वगळायची, गठ्ठा आक्रमक ठेवायचा की सावध, हे सारे घरीच ठरते. गंजिफा हा त्याहून कितीतरी जुना खेळ. त्यातही अवतार आहेत, राजे आहेत, शस्त्रे आहेत. परंतु गठ्ठा सर्वांचा एकच. मग त्यात डावपेच उरतात तरी कुठे?

२/९ हिंदुस्थानातील गंजिफाचा आरंभीचा प्रसिद्ध उल्लेख बाबरनाम्यात सापडतो. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हुसेनकडे गंजिफाची पाने पाठवली. पुढे अबुल फजलाने ‘ऐन-ए-अकबरी’त १२ रंगांच्या, १४४ पानांच्या गठ्ठ्याचे वर्णन केले. त्यात अश्वपती आहे, गजपती आहे आणि सर्पांचा अधिपती अहिपतीही आहे. मुघल काळात रूढ झालेला गठ्ठा मात्र ८ रंगांचा व ९६ पानांचा होता.

३/९ महाराष्ट्रात या खेळाने दशावतारांचे रूप घेतले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पाने, एकूण १२०. पाने गोल, हाताने रंगवलेली. तीन खेळाडूंना प्रत्येकी ४० पाने वाटली जात. भिडू नाही, प्रत्येक जण स्वतःसाठी खेळणार. दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्या हाती, त्याची पहिली उतारी. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे.

४/९ या खेळाची किल्ली ‘हुकूम’ या शब्दात आहे. बावन्न पानांच्या खेळांत हुकूम म्हणजे इतर रंगांना मारणारा रंग. गंजिफात असा रंगच नाही. येथे हुकूम म्हणजे त्या त्या रंगातले, अद्याप न पडलेले सर्वांत वरचे पान. मत्स्याचा राजा पडला की त्याच क्षणी मत्स्याचा प्रधान हुकूम होतो. पानाची किंमत पानावर लिहिलेली नसते. ती खेळाडूच्या स्मरणात असते.

५/९ त्यात आणखी एक मेख आहे. निम्म्या रंगांत राजा-प्रधानांनंतर दश्शी मोठी व एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा, म्हणजे एक्का मोठा आणि दश्शी हलकी. नवशिका खेळाडू सवयीने एक्का फेकतो आणि प्रधानाखालचे सर्वांत मोठे पान गमावून बसतो. गावोगावच्या नियमांत थोडेफार फरक असले, तरी खेळाचा हा गाभा सर्वत्र सारखाच.

६/९ येथून दोन वाटा फुटतात. पहिली सावध वाट : उतारी आपल्याकडे असेतो हातातले सगळे हुकूम एकामागून एक उतरवायचे. प्रत्येक हात हमखास आपला, कारण हुकमाला मारणारे पान कोणाकडेच नसते. तोटा एवढाच की हुकूम संपले की उतारी जाते, आणि मागे उरतात दुबळी पाने.

७/९ दुसरी वाट धाडसाची. प्रधान हाती आहे, पण राजा नाही, असे फार वेळा घडते; १२० पाने तिघांत वाटल्यावर प्रधान ज्याच्याकडे, त्याच्याच हाती राजाही असण्याची शक्यता जेमतेम एक-तृतीयांश. अशा वेळी कसलेला खेळाडू त्या रंगाचे हलके पान उतरतो. राजावाला हात घेतो, उतारीही त्याच्याकडे जाते. परंतु राजा खर्ची पडून प्रधान हुकूम होतो. एक हात सोडून पुढचा हात पक्का करण्याचा हा सौदा. तो कधी करायचा, हे जाणण्यासाठी दहाही रंगांत काय पडले व काय उरले, हे ध्यानात असावे लागते.

८/९ असा खेळ सोपा नव्हता आणि स्वस्तही नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपीय पद्धतीचे छापील बावन्न पत्ते आले. चारच रंग, सर्वांत एकच क्रम, किंमत कमी आणि आकार खिशात मावेल असा. आज कल्याण-ठाण्याच्या लोकलमध्ये मांडीवरच्या बॅगेवर जो डाव रंगतो, तो याच पत्त्यांचा. हाताने रंगवलेल्या १२० गोल पानांना त्या गर्दीत जागा मिळणे अवघडच होते.

९/९ सावंतवाडीत ही कला अस्तास चालली असताना, १९७० च्या दशकाच्या सुमारास, शिवरामराजे भोसले व राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि पुढे इतरांना शिकवली. त्यामुळे पाने वाचली. राजवाड्यात ती आजही रंगवली जातात; लोक भेट म्हणून नेतात, चौकटीत लावतात. ती हाती धरून खेळणारे मात्र फार थोडे उरले. चित्र जपायला एक कारागीर पुरतो. डावपेच जपायला समोरासमोर बसलेले तीन खेळाडू लागतात. सावंतवाडीचा संच घरी आणणाऱ्याने तो भिंतीवर लावण्याआधी निदान एकदा वाटून पाहावा. दिवसाउजेडी बसल्यास पहिली उतारी रामाच्या राजाची.