हिरवं पान

आजीच्या तोंडी १९१८ हे साल कधी आलं नाही. ती म्हणायची, ‘मानमोडीच्या वर्साला’, म्हणजे फ्लूच्या मोठ्या साथीच्या साली. पावसानं दगा दिलेला, ज्वारी खुरटलेली, आणि दसऱ्याच्या सुमाराला मुंबईच्या गिरणीतून गावी आलेला तिचा मामा तापानं फणफणलेला. आठवड्यात मामा गेला. पाठोपाठ आजीची आई गेली, ती पोटुशी होती. सत्तरीची तिची आजी मात्र आल्या-तुळशीचा काढा पिऊन उठून बसली. ‘पिकलं ऱ्हायलं आन् हिरवं गळालं, आसं का रं?’ आजी मला विचारायची.

जगभरच्या डॉक्टरांनाही हेच छळत होतं. विशी-चाळिशीतली धडधाकट माणसं का मरतात? पण त्याआधी गुन्हेगारच चुकीचा धरला गेला होता. जर्मनीच्या रिचर्ड फायफरनं १८९२ साली रुग्णांच्या कफात पाहिलेल्या जिवाणूवर ठपका ठेवून लसीही टोचल्या गेल्या. मला त्या डॉक्टरांना बोल लावावासा वाटत नाही, त्यांच्या सूक्ष्मदर्शकात विषाणू दिसणं शक्यच नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू इंग्लंडमध्ये हाती आला तो १९३३ साली, फेरेट या मुंगसासारख्या प्राण्याच्या नाकात रुग्णाच्या घशातलं गाळलेलं पाणी घालून.

आणि १९१८चा मूळ विषाणू? त्यासाठी योहान हल्टिन हा संशोधक अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशन या गावी गेला. तिथल्या ऐंशी प्रौढांपैकी बहात्तर जण पाच दिवसांत गेले होते, आणि गोठलेल्या जमिनीत पुरले होते. १९५१ साली त्यानं नमुने आणले, पण त्यातून विषाणू काही वाढवता आला नाही. १९९७ साली, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, पुन्हा गेला. गावकऱ्यांची परवानगी घेतली, बायकोची बागेतली कात्री सोबत नेली. एका स्थूल बाईची फुप्फुसं अंगच्या चरबीमुळे टिकली होती. त्यांचे तुकडे त्यानं या विषाणूच्या शोधात असलेल्या जेफरी टॉबेनबर्गर या संशोधकाला पाठवले. थडग्यावर नवे क्रूस स्वतः करून उभे केले, हे मला फार मोठं वाटतं.

२००५पर्यंत आठही जनुकखंड वाचून झाले, विषाणू प्रयोगशाळेत पुन्हा घडवला गेला. २००७ साली माकडांवरच्या प्रयोगात दिसलं, की शरीराचा प्रतिकारच बेफाम होऊन फुप्फुसं उद्ध्वस्त करतो. काही संशोधक म्हणतात, म्हाताऱ्यांना बालपणी याच्याच नात्यातला फ्लू होऊन गेला असावा, म्हणून ते तगले. आजीची आजी १८५०च्या आधी जन्मलेली. तेव्हा कृष्णाकाठच्या खेड्यात कुठला ताप येऊन गेला, हे कुठल्या दप्तरात सापडणार?