शाळा गावाची, तिजोरी सरकारची

जिल्हा लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्ड ही नावे आता जुन्या दाखल्यांवर आणि वयस्क शिक्षकांच्या बोलण्यातच उरली आहेत. या बोर्डांविषयी एक समज मात्र पक्का झाला आहे. पैसा नव्हता, होता तो सभासदांच्या राजकारणात वाया गेला आणि म्हणून प्राथमिक शिक्षण रखडले, असे सर्रास म्हटले जाते. हा समज अर्धाच खरा आहे. मुंबई इलाख्यातल्या बोर्डांच्या अंदाजपत्रकात तूट होती आणि ती वर्षानुवर्षे होती. पण तिचे मूळ कारभाऱ्यांच्या नालायकीत शोधणे चुकीचे आहे. शाळा चालवण्याची जबाबदारी खालच्या संस्थेकडे आणि मोठा पैसा वरच्या सरकारकडे, ही वाटणी पहिल्यापासून ठरलेली होती. तूट त्या वाटणीतच होती.

सुरुवात लोकल फंडापासून झाली. 1854 च्या वुडच्या खलित्याने सामान्य रयतेच्या शिक्षणाकडे लक्ष द्यावे असे म्हटले, पण सरकारी तिजोरी त्यासाठी पुरेशी उघडली नाही. 1863-64 पासून मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा जादा पट्टी बसवण्यात आली आणि 1869 च्या कायद्याने तिला कायम रूप दिले. या फंडाचा एक तृतीयांश भाग शाळांना मिळे, बाकीचा मुख्यतः रस्त्यांसारख्या कामांना. या रचनेतली अडचण साधी होती. रयतवारी पद्धतीत शेतसारा साधारणपणे तीस वर्षांसाठी ठरे. म्हणजे त्यावरची आण्याची पट्टीही जवळजवळ तिथेच थांबे. मुलांची संख्या, शाळांची मागणी आणि शिक्षकांचे पगार मात्र थांबत नसत. दुष्काळात साऱ्याला तहकुबी किंवा सूट मिळाली की शाळांचे उत्पन्नही त्याच वर्षी खाली येई. गाव सर्वांत अडचणीत असताना शाळाही अडचणीत यावी, अशीच ही व्यवस्था होती. 1882 साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी पैशाच्या या वाटणीवरच बोट ठेवले. राज्याचे उत्पन्न बहुतांशी शेतकऱ्याच्या घामातून येते, पण त्यातून होणारा शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी बजावून सांगितले. प्राथमिक शिक्षकाला महिना किमान बारा रुपये तरी मिळावेत, अशीही त्यांची मागणी होती. शेतकरी सारा देत होता, वर आण्याची पट्टी देत होता आणि तरी त्याच्या मुलाच्या शाळेत पैसा नव्हता.

पुढे ही वाटणी बदलण्याचे प्रयत्न झाले. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1911 साली वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले. मुलांना शाळेची सक्ती करावी की नाही हे स्थानिक संस्थेने ठरवावे आणि खर्चाचे दोन भाग सरकारने, एक भाग स्थानिक संस्थेने उचलावा, असा त्यांचा हिशेब होता. 1912 मध्ये ते विधेयक 38 विरुद्ध 13 मतांनी फेटाळले गेले. 1918 साली विठ्ठलभाई पटेल यांच्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना सक्ती लागू करण्याची मुभा मिळाली, पण खेडी बाहेरच राहिली. 1923 च्या कायद्याने लोकल बोर्डांकडे आणि नगरपालिकांकडे प्राथमिक शाळांचा कारभार सोपवला, त्यासाठी स्कूल बोर्डे स्थापली आणि सक्तीच्या वाढीव खर्चात सरकारने मोठा वाटा देण्याचे मान्य केले. कागदावर हा कायदा चांगला होता. मात्र 1919 च्या सुधारणांनंतर प्रांतात शिक्षण खाते लोकनियुक्त मंत्र्याकडे आले होते आणि अर्थ खाते राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या हाती, राहिले होते. जबाबदारी एकाकडे आणि पैसा दुसऱ्याकडे, हे गावात जे होते तेच आता प्रांताच्या पातळीवर घडले. 1930 च्या आसपास शेतमालाचे भाव कोसळले, सरकारने हात आखडता घेतला आणि सक्तीच्या योजना रखडल्या.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला बोर्डांच्या कारभाराचा. शिक्षकांच्या नेमणुका आणि बदल्या वशिल्याने होत, ही तक्रार त्या काळीही होती आणि ती खोटी नव्हती. म्हणूनच 1938 च्या दुरुस्तीने बोर्डांवर सरकारी देखरेख वाढवली गेली. पण वशिल्याने चुकीचा शिक्षक नेमला जातो. त्याने फंडाचा आकडा लहान होत नाही. अपुऱ्या फंडाचा दोष वशिल्यावर टाकला की अनुदान रोखणारा हात नजरेआड होतो. दुसरा आक्षेप असा की सरकारकडेच पैसा नव्हता. याचे उत्तर शेजारच्या संस्थानांनी दिले आहे. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी 1893 साली अमरेली भागात सक्तीचे मोफत शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते राज्यभर नेले. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1917 साली तसाच कायदा केला. ही संस्थाने ब्रिटिश मुलखाहून श्रीमंत होती असे नाही. ते राजे होते, त्यांना कोणाला विचारावे लागत नव्हते, हे खरेच आहे. पण या प्रकरणात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. तिथे हुकूम देणारा आणि पैसा सोडणारा हात एकच होता. लोकांनी वर्गणी काढावी, असाही सल्ला दिला जाई. लोकांनी तीही काढली. 1919 साली स्थापन झालेली कर्मवीर भाऊराव पाटलांची रयत शिक्षण संस्था घराघरातल्या मूठभर धान्यावरही उभी राहिली. पण मूठ कितीही मोठी केली तरी जिल्ह्यातल्या सगळ्या शिक्षकांचा पगार तिच्यात मावत नाही.

1 मे 1962 पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आल्या, जिल्हा स्कूल बोर्डांचे काम त्यांच्याकडे गेले आणि शिक्षकांच्या पगाराचा भार राज्याने घेतला. त्यानंतर शाळा वाडीवस्तीपर्यंत पोचली. पैसा वरून आला तेव्हा गाव मागे राहिले नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने निधीची जबाबदारी केंद्र आणि राज्य सरकारांवर टाकली आहे आणि शाळा पुरवण्याचे कर्तव्य सरकारबरोबरच स्थानिक संस्थांवरही. कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार 2023 साली राज्यात पुढे आला. त्यात मुलांच्या हिताचा मुद्दा असू शकतो आणि तो तपासला पाहिजे. पण खर्च परवडत नाही हे कारण पुढे आले, तर न परवडणारा तो खर्च कोणी उचलायचा होता, हे आधी विचारायला हवे. दीडशे वर्षांचा इतिहास एवढेच सांगतो: शाळेची तूट शाळेत तयार होत नाही, आणि ती भरण्याची जबाबदारी ज्याच्या हाती तिजोरी आहे त्याचीच आहे.